कारखाने : शून्य

६ जानेवारी १९५८, सोमवार. मुक्काम कन्हेरी.
आजपासून रोज डायरी. कुणाला दाखवायची नाही.
काम : बारामती तालुक्यात लहान कारखाने किती, सरकारी धोरणाचा त्यांना उपयोग काय, याचं मूल्यमापन. शेजारच्या इंदापूर तालुक्यात हेच काम मानसिंगकडे. ज्याचा रिपोर्ट चांगला तो एप्रिलपासून मुंबईला वरिष्ठ संशोधक. जागा एकच. मानसिंग बी. ए. थर्ड क्लास, मी अर्थशास्त्राचा एम. ए. म्हणजे निकाल लागल्यातच जमा. ट्रंक आधीच भरून ठेवावी का?
उतरलोय सोपानराव नावाच्या ऊसबागायतदाराच्या मळ्यात. खोली ठीक. मागच्या बाजूने अखंड धूर येतो.

७ जानेवारी.
सकाळी धोंडाबाई नावाची म्हातारी पाच नातवंडं घेऊन दारात हजर. रांगेत उभी केली. चावडीवर म्हणे तिने ऐकलं की 'मूलमापनाचे साहेब' आलेत. आधी धाकटीला मापा, ती अंग धरत नाही. मूल्यमापन म्हणजे काय ते पंधरा मिनिटं समजावून सांगितलं. सगळं ऐकून म्हणते, "व्हय, पन वजान कवा करनार?"
आणि अशांसाठी आम्ही धोरणं आखायची!
ठराव : या लोकांशी फक्त छापील प्रश्नांपुरतं बोलायचं. अवांतर एक शब्द नाही.

९ जानेवारी.
कन्हेरी खलास. प्रश्न पहिला, 'गावात कारखाना आहे काय?' घरोघर एकच उत्तर, 'न्हाय'. सोपानरावांना खात्रीसाठी दोनदा विचारलं. "हितं कुठला आलाय कारखाना, सायेब!" म्हणून हसले. कारखाना नाही याचं हसू येतं, लाज वाटत नाही.
पहिल्याचं उत्तर 'नाही' आलं की प्रश्न दोन ते चाळीस गाळायचे असतात. त्यामुळे काम झपाट्याने. दुपारी झोप.

१२ जानेवारी, रविवार.
सायकलने कऱ्हाटी आणि लोणी भापकर. दोन्हीकडे शून्य. कऱ्हाटीत एकाने मान वर करून उत्तरसुद्धा दिलं नाही, घोंगडी विणण्यात इतका गर्क. लोणीत तेलाच्या घाण्यापाशी सावली बरी होती, तिथे बसून फॉर्म भरले.
पायात गोळे. उद्या सुट्टी. परवा संक्रांत, म्हणजे तेव्हाही.

१४ जानेवारी.
डोकं उठलंय. मागे दिवसभर बैल चरकाला फिरतात, मोठ्या काहिलीत उसाचा रस रटरटतो, पंधरा-सोळा माणसं आरडाओरडा करतात. गेणू म्हणून एक इसम आहे, त्याला गुळव्या म्हणतात. तो नुसता काहिलीत बघत उभा असतो. तो 'उतरा' म्हणाला की सगळे धावतात. मग गुळाच्या ढेपा गाडीत चढवण्याचा गोंगाट. बारामतीच्या बाजाराला रोज दोन गाड्या!
नसते उद्योग करायला यांना वेळ आहे, कारखाना काढायला नाही. हे वाक्य रिपोर्टात घालावं.
गूळ मात्र बरा. तीन खडे खाल्ले. चार.

१८ जानेवारी.
रिपोर्ट रवाना. तीन गावांवरून तालुका कळतो. 'कारखाने : शून्य. कारण : जनतेत औद्योगिक वृत्तीचा संपूर्ण अभाव.' पुढचा हुकूम येईपर्यंत इथेच आराम.

२३ जानेवारी.
मानसिंगचा आकडा कळला. इंदापूर : एकशे बेचाळीस! कालवा तोच, ऊस तोच, माणसं याच मासल्याची, आणि एकशे बेचाळीस? शेतकऱ्यांच्या पंगतीला बसून काकवी ओरपायची आणि आकडे ठोकून द्यायचे, ही याची संशोधनपद्धती.
ऑफिसातल्या आमच्या साहेबांना गोपनीय पत्र टाकलं. दोन्ही तालुक्यांची समक्ष तपासणी व्हावी. आता बघतो मुंबईला कोण जातं ते.

३ फेब्रुवारी, सोमवार. दुपारी ४.
पत्राचा परिणाम! सकाळीच साहेब जीप घेऊन दाखल. मी खोलीत तक्ते मांडून बसलो होतो. साहेब तडक मागे, धुराकडे.
गेणूला विचारलं, इथे माणसं किती? सोळा. माल बाहेर जातो? मोप. गावात अशी किती? "एकवीस. वरल्या अंगाची धरून चोवीस."
साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी सोपानरावांना जाब विचारला : तुम्हीच ना कारखाना नाही म्हणालात?
"न्हायच की. कारखाना साखरंचा असतोय. ह्ये गुऱ्हाळ हाय." मग साहेबांकडे वळून, "लई शिकल्यालं हायेत. पन म्हैना झाला हितं ऱ्हात्यात, हितं काय चाललंय त्ये एकदा बी इचारलं न्हाय बगा."
साहेब हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.
माझं मत : दोष चुकीचं उत्तर देणाऱ्याचा, प्रश्न विचारणाऱ्याचा नव्हे. हे लेखी कळवणार.

४ फेब्रुवारी.
नाही कळवलं.

१२ फेब्रुवारी.
ऑफिसची दोन पत्रं. पहिलं माझ्या नावे : मुंबईची जागा मानसिंगला. खोटं कशाला लिहू, डोळ्यांत पाणी आलं. सिंधुबाईंनी, म्हणजे सोपानरावांच्या मंडळींनी, धुराने आलं समजून खिडकी लावून घेतली.
दुसरं पत्र गेणूला. त्याला वाचता येत नाही, म्हणून मीच वाचून दाखवलं. पुण्यात गूळनिर्मितीवर सरकारी संशोधकांपुढे व्याख्यान. व्याख्याते : श्री. गेणू, मुक्काम कन्हेरी. कनिष्ठ संशोधकांना हजेरी सक्तीची.
गेणूने विचारलं, वाख्याते म्हंजी काय? म्हटलं, पुढे उभं राहून बोलणारा.
"आन् सायेब, तुमी काय करनार तितं?"
ऐकणार, म्हणालो.