बाहेरची शिवण

तीर्थरूप अक्कास धाकट्याचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे खुर्चीत बसूनच घातला आहे, पण डोकं टेबलाला टेकवलं होतं, हवं तर हिला विचार).

तुझी कंबर कशी आहे? दाजींचा खोकला गेला की अजून मुक्कामालाच आहे? इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. हा शब्द मी परवापासून लिहू शकतो. त्याआधीचे तीन आठवडे घरात पिटुकली सोडून बाकी सगळे दबक्या आवाजात बोलत होते आणि तिचा एकटीचा आवाज चौथ्या मजल्यावरून खालच्या पिठाच्या गिरणीपर्यंत जात होता. नात चार महिन्यांची झाली अक्का, पण सलग चाळीस मिनिटं झोपेल तर शपथ. लेकीला एक तारखेपासून कामावर रुजू व्हायचंय, आणि तिची अवस्था अशी की मागच्या सोमवारी फोनवर तिने आपल्या साहेबांना "शूऽऽ, झोप आता" असं सांगितलं. साहेब भला माणूस, त्याने मुकाट्याने फोन ठेवला. पण नंतर ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडली, ते मी पाहिलं. तेव्हा ठरवलं की आता आपण लक्ष घालायचं. (आमच्या घरात कुठलंही संकट मी लक्ष घातल्यावरच वाढतं, असं हिचं म्हणणं. तू त्यात पडू नकोस.)

माझा तर्क असा की पोर झोपत नाही म्हणजे कपड्यात काहीतरी खोट आहे. हा तर्क बरोबर होता, एवढं नोंदवून पुढे जातो, कारण माझं बरोबर असं या पत्रात पुन्हा काही येणार नाही. तीस वर्षं बँडवाल्यांचे गणवेश शिवणारा माणूस मी. एक वीतभर रात्रीचा कपडा तो काय! दुपारी दुकान बंद ठेवून बसलो आणि निळ्या कापडाचा अंगरखा शिवून काढला. पितळी बटणांच्या दोन रांगा, खांद्यावर सोनेरी दोरी, गळ्याला बकरम घातलेली ताठ कॉलर. पिटुकली त्यात आत्ता झांजा वाजवायला निघेल अशी दिसत होती. मी फोटो काढत असतानाच आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई वजन करायला आल्या. बाई अंगाने काटकुळ्या, पण नजर कस्टम अधिकाऱ्याची. त्यांनी एक बटण धरून ओढलं. तिसऱ्या हिसक्याला ते त्यांच्या हातात आलं. मी म्हटलं, "बाई, या बटणांनी भल्याभल्या तुतारीवाल्यांची पोटं आवरली आहेत." त्या म्हणाल्या, "तुतारीवाले बटण तोंडात घालत नाहीत, मास्तर." मग त्यांनी दोरी उपसली, ती स्वतःच्या मनगटाला दोनदा गुंडाळून दाखवली आणि म्हणाल्या, "हे मनगट आहे. बाळाला मान असते." रात्री त्या दोरीचे मी कात्रीने तुकडे तुकडे केले अक्का, उगाचच, राग दोरीवर काढला.

दुसरा कपडा म्हणून बिनबटणाचा, बिनदोरीचा शिवला. पण आमच्या धंद्याची सवय अशी, की वाढत्या अंगाला दोन बोटं जास्त ठेवायची. पोर तर रोज वाढतंय, म्हणून मी सगळीकडे चार चार बोटं ठेवली. पाळण्यात ठेवून वळलो, परत बघतो तर बाळ गायब! गळ्यातून फक्त जावळाचा शेंडा वर आलेला. ही अशी किंचाळली की गिरणी थांबली. नर्सबाईंनी दुसऱ्या दिवशी बजावलं, की झोपेचा कपडा अंगाबरोबर हवा, ढगळ कापड नाकातोंडावर आलं की खेळ संपला. टोपी नको, पाळण्यात सैल पांघरूण नको, उशी नको. मी शिवलेली बदकाच्या आकाराची उशी हळूच पाठीमागे लपवली. (बदक चांगलं झालं होतं. आता मी ते गुडघ्याखाली घेतो.)

तिसऱ्या वेळी पोरीचे हात गार लागले म्हणून जाड लोकरी कापडाचा पायापर्यंत कपडा केला. तासाभरात पिटुकली लालबुंद. बाईंनी माझा हात धरला आणि तिच्या मानेखाली, पाठीवर नेऊन ठेवला. घामाने चिंब. "बाळाचे हातपाय गारच असतात. गरम की गार ते इथे बघायचं," त्या म्हणाल्या. साठीला आलेल्या माणसाला माप कुठे घ्यायचं हे कोणी शिकवावं, आणि ते त्याला पटावं, म्हणजे बघ.

आता मूळ गोष्ट. ती सांगायला मला दोन पानं लागली, यावरूनच तू ओळखलं असशील. तुझं पार्सल पोरीच्या बारशाआधीच, पहिल्या महिन्यातच आलं होतं. पोचल्याचं कळवलं होतं, पण आवडलं असं लिहिलं नव्हतं, कारण मी ते कपाटात टाकलं होतं. जुन्या सुती कापडाची चार झबली, धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली, खांद्यावर कापड एकावर एक घेतलेलं, गळा हवा तेवढा उघडेल असा. हे सगळं मी पाहिलंच नाही. मला दिसलं एवढंच, की चारही झबल्यांच्या शिवणी बाहेरच्या बाजूला आहेत. मी हिला म्हटलं, "अक्काची नजर गेली गं. उलटं शिवलंय बिचारीने." आणि वर हसलोही. हे लिहायला हिने मला भाग पाडलेलं नाही, मीच लिहितोय.

तीन फजित्यांनंतर ही म्हणाली, आता अक्कांची झबली काढा. मी म्हटलं, काढतो, पण आधी "दुरुस्त" करतो. दोन झबली उसवली, उलटवली, मशीनवर दुहेरी शिवण घालून नीट आत घेतली आणि सवयीने गळ्याशी आमच्या दुकानाची कडक पट्टीसुद्धा लावली. त्या दिवशी पिटुकली चाळीस मिनिटंही झोपली नाही. कपडा काढून बघतो, तर काखेत शिवणीचे वळ आणि मानेवर आमच्या दुकानाचं नाव उमटलेलं, उलट अक्षरांत, फोन नंबरासकट. आयुष्यात एवढी वाईट जाहिरात मी केली नव्हती.

उरलेली दोन झबली खुर्चीवर पडली होती. नर्सबाईंनी उचलली, शिवणीवरून बोट फिरवलं, आतला भाग गालाला लावून बघितला. म्हणाल्या, "हे ज्याने शिवलंय त्याला बाळ कळतं. बाहेरचा दिखावा गेला तर गेला, बाळाच्या अंगाला काही टोचू नये म्हणून शिवण बाहेर घेतलीय." आणि त्यांनीच पिटुकलीला ते घातलं, पाठीवर निजवलं. अक्का, ती साडेतीन तास झोपली. लेक पाळण्याशेजारी जमिनीवरच झोपली. ही खुर्चीत झोपली. मी एकटा जागा राहून आळीपाळीने तिघींचा श्वास ऐकत बसलो. तुझे उपकार कसे फेडू? फेडत नाहीच, अंगावर बाळगतो.

आणखी काय लिहू? दाजींना नमस्कार. कमरेला शेक घे.

तुझाच
धाकटा

ता. क. एक बारीकसं काम आहे. नर्सबाईंनी "हे कोणी शिवलं?" असं विचारलं, तेव्हा माझ्या तोंडून "घरचंच काम आहे" असं निघून गेलं. आता त्यांनी येत्या बुधवारी केंद्रात बारा आयांसमोर मला ते शिवून दाखवायला बोलावलंय. दोन दिवस सराव करतोय, पण हात आपोआप शिवण आत वळवतो. तरी युक्ती पत्राने कळव.

ता. क. २. वरचं काम रद्द. हिने पत्र वाचलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मी चप्पल घालून थेट केंद्रात गेलो, खरं सांगून आलो. बाई म्हणाल्या, "मला ठाऊक होतं, मास्तर. तुमचे टाके पट्टीने आखल्यासारखे असतात. हा हात मध्ये मध्ये थांबून बाळाचा विचार करतो." फळ्यावरचं माझं नाव पुसून त्यांनी "मास्तरांच्या अक्का" असं लिहिलंय. तेव्हा तुलाच यावं लागेल. मंगळवारची गाडी धर, मी न्यायला येतो.

ता. क. ३. दुकान उघडलं त्या दिवशी तू कौतुकाने नव्या मशीनवर बसली होतीस आणि मी चार गिऱ्हाइकांसमोर "अक्का, ऊठ, बिघडेल" म्हणालो होतो. त्यानंतर तू दुकानाची पायरी चढली नाहीस, आणि झबली हातानेच शिवून पाठवलीस. मला वाटायचं तू विसरलीस. मी विसरलेलो नव्हतो. मशीन आज खिडकीशी उजेडात सरकवलं आहे, स्टूल तुझ्या उंचीला कापून घेतलं आहे. बिघडलं तर बिघडू दे. बस.