नदीनसाठी नवं इंजिन

१२ मे, रविवार
नदीन तिच्या बहिणीकडे, जॉइसकडे गेली, फिंडलेला. काही दिवस राहते म्हणाली. किती ते मी विचारलं नाही. माणसाने बायकोला मोकळीक द्यावी. हिवाळ्याचा कोटही नेला. ओहायोत मे महिन्याचा भरवसा नाही, ते बरोबरच आहे.
कारण मला ठाऊक आहे. शेव्हेल. सत्तर सालची गाडी, आमच्या लग्नाआधीपासूनची. धूर सोडते, भर रस्त्यात बंद पडते. कुठली बाई किती सोसणार? ठरवलं: जुनं इंजिन काढायचं, नव्या जमान्याचं बसवायचं, मग तिला आणायला जायचं. सरप्राइज. दोन आठवड्यांचं काम.

१९ मे
इंजिन कुठून आणायचं हा प्रश्न सुटला. माझ्याच पिकअपमधून. तेही तसं वापरलेलं, पण शेव्हेलच्या मानाने कालचं पोर. शेजारचा ड्वेन त्याची क्रेन घेऊन आला. म्हणाला, मग तू फिरणार कशात? मी म्हणालो, शेव्हेलमध्ये. तो म्हणाला, ती चालत नाही. मी म्हणालो, म्हणूनच तर. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. ड्वेनला लांबचं दिसत नाही.

२ जून, रविवार
दोन्ही गाड्या इंजिनाविना अंगणात. कामावर ड्वेन सोडतो.
नदीनचा फोन. जॉइसने मांस शिजत घातलंय, जेवायला ये, बोलायचंय म्हणाली. यायला गाडी नाही हे सांगितलं असतं तर सरप्राइज फुटलं असतं. काम आहे म्हणालो. रविवारी? हो, महत्त्वाचं. ती म्हणाली, बरं.
समजूतदार बाई. संसार टिकतो तो यावरच.

१६ जून
इंजिन बसेना. खालचं तेलाचं पॅन गाडीच्या सांगाड्याच्या आडव्या दांड्यावर आपटतं. दुसरं पॅन मागवलं. ते येईपर्यंत, इंजिन बाहेर आहेच तर ब्रेकही नवे करून टाकावेत. ब्रेक करतोच आहे तर पुढचं सस्पेन्शन. ते उघडलंच आहे तर रंग.
ड्वेन म्हणाला, लेका, फिंडले काय चंद्रावर आहे? बस गाडीत, मी सोडतो. नको म्हणालो. दुसऱ्याच्या गाडीतून बायकोच्या दारात जाणं बरं दिसत नाही.

७ जुलै
नदीन अचानक आली, जॉइसची गाडी घेऊन. मी गॅरेजचं शटर आतून खाली ओढलं. थोडक्यात वाचलो. ती बाहेरून म्हणाली, ग्लेन, उघड, दोन मिनिटं. मी म्हणालो, आत्ता नाही. ती म्हणाली, मी शटरशी बोलू का? मी म्हणालो, सगळं ठीक होणार आहे, थोडा धीर धर. शटरखालच्या फटीतून तिचे पांढरे बूट दिसत होते. बराच वेळ होते.
घरातून शिलाई मशीन घेऊन गेली. जॉइसचे पडदे शिवायचे असणार.

२८ जुलै
इंजिन चढलं. किल्ली फिरवली. दोन सेकंद चाललं, बंद. पुन्हा दोन सेकंद, बंद. इंजिनाबरोबर आलेला पिकअपचा कॉम्प्युटर शेव्हेलची किल्ली ओळखत नाही, त्याला वाटतं चोरी झालीय. टोलेडोला एकजण ते दुरुस्त करतो.
ड्वेन म्हणाला, घरातलं काही गेलं की यंत्राला दोन सेकंदांत कळतं, ग्लेन. ड्वेनचा घटस्फोट झालाय. त्याचं मी मनावर घेत नाही.

१७ ऑगस्ट, शनिवार, सकाळ
चालते. पहिल्यांदा किल्ली फिरवताच. धूर नाही, थरथर नाही. दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. मागची सीट पुसून रिकामी केली, तिचं सामान बरंच असेल.

तोच दिवस, संध्याकाळ
नदीन जॉइसच्या दारातच उभी होती, हातात खोकं. नदीपलीकडे दोन खोल्या भाड्याने घेतल्यात म्हणाली, आजपासून. आलाच आहेस तर सोड मला.
बसली. म्हणाली, धूर येत नाही. नाही म्हणालो. आवाजही नाही, म्हणाली. मी तिला ब्रेकबद्दल सांगितलं, सस्पेन्शनबद्दल सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, भाचीच्या लग्नाला जाताना ही गाडी मक्याच्या शेताशी बंद पडली होती. टो-ट्रक यायला चार तास लागले. तू तुझ्या आईबद्दल बोललास, मी माझ्याबद्दल बोलले. त्या अख्ख्या वर्षात आपण तेवढंच बोललो, ग्लेन. मला तर वाटायचं, पडू दे बंद.
मी म्हणालो, मला वाटलं तुला राग येतो. ती म्हणाली, तू विचारलं नाहीस.
पहिल्या सिग्नलला थांबलो. इंजिन एका सुरात चालू. दुसऱ्या सिग्नललाही चालू. पुलाचा चढ आला. मी दिवे लावले, वायपर लावले, हीटर लावला, इंजिनावर जेवढा भार टाकता येईल तेवढा टाकला. ऑगस्टचं ऊन होतं. तिने काच खाली केली.
एकदाही अडखळलं नाही. तिच्या नव्या दारापर्यंत नेऊन सोडलं.