उमदुर्मानची तलवार आणि बाकीची मालमत्ता

मी, कमलाकर रघुनाथ सबनीस, वय एकोणऐंशी, निवृत्त बॉयलर इंजिनिअर, राहणार कॉव्हेंट्री, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, पोटभर नाश्ता करून आणि कोणीही न सांगता लिहीत आहे. मेमरी क्लिनिकमध्ये मला घड्याळ काढायला लावले, ते मी मिनिटकाट्यासकट काढले. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे, कारण त्यात एक खोटे होते. अंमलबजावणी माझी मुलगी वरदा हिने करावी.

१. राहते घर मुलगा विनय याला. बँकेतली सगळी शिल्लक वरदाला. माझी पत्नी कै. मीनाक्षी हिच्या शेवटच्या चार महिन्यांत वरदा दर शनिवारी नॉटिंगहॅमहून येत होती. विनयने फुले पाठवली. हे तोही नाकारणार नाही.

२. माझे पाने, पक्कड आणि सगळी हत्यारपेटी माझा जुना मित्र मुरलीधर याला. अकरा वर्षांपूर्वी मंडळाच्या दसऱ्याला तो चारचौघांत म्हणाला होता, "कमलाकर, तुझ्या तलवारीचं पातं लॉरीच्या स्प्रिंगच्या पाट्याचं आहे." तेव्हापासून मी त्याच्याशी बोललेलो नाही. पाते लॉरीच्या पाट्याचेच आहे. हे वाक्य त्याला वाचून दाखवावे, पण एकदाच.

३. आता ती तलवार. मूठ आणि म्यान मगरीच्या कातड्याचे, म्यानावर मगरीचे अख्खे पिलू, आणि म्यानाच्या तोंडाशी त्याचे डोके, दातांसकट. टोळीच्या सरदाराने ती मला भेट दिली, असे मी सर्वांना सांगत आलो. तसे काही नाही. मी सुदानमध्ये साखर कारखान्यात नोकरीला होतो आणि १९८६ साली ती उमदुर्मानच्या बाजारात विकत घेतली. परदेशी माणसांनी घरी नेऊन भिंतीवर लावावी म्हणूनच तिथे अशा तलवारी बनवतात. कारागिराचे नाव इद्रिस. त्याने दाखवलेल्या तलवारीवरचे पिलू वीतभर होते. मी हसून म्हणालो, "ही तर पाल झाली, मगर दाखव," आणि हात पसरून माप दाखवले. त्याने खुणेने सांगितले, भाऊ नदीवरून आणेल.

आठ दिवसांनी, मी देश सोडायच्या दिवशी, इद्रिसने तलवार हातात दिली आणि म्हणाला, "अखूय मय्यित." माझी अरबी भाजीबाजारापुरती. पण मय्यित कळले, कारण ते आपलेच मयत. ओळखीचा शब्द भेटल्याचा मला आनंद झाला. वाटले, मगर मेलेली आहे, घाबरू नका, असे म्हणतोय. मी त्याच्या खांद्यावर थाप मारली, "मय्यित, गुड, गुड," म्हणालो आणि थेट विमानतळ गाठला.

गेल्या वर्षी हॉस्पिटलला जाताना टॅक्सीवाला सुदानचा निघाला. तो फोनवर सारखा अखूय, अखूय म्हणत होता. मी अर्थ विचारला. तो म्हणाला, "माय ब्रदर."

मराठीत जनावर मरते. मयत फक्त माणूस होतो. हे मला लहानपणापासून ठाऊक होते.

४. त्या दिवसापासून मगरीचा जबडा थोडा थोडा उघडतो आहे. विनय म्हणतो, "बाबा, हीटिंगमुळे स्किन ड्राय होते, दॅट्स ऑल." असेल. पण जिना चढताना मी तिच्याकडे पाठ करत नाही. मला तिची भीती वाटते. दर खंडेनवमीला आम्ही तिची शस्त्र म्हणून पूजा केली. मीनाक्षी त्या कपाळावर हळदकुंकू लावायची, कोणाच्या नावाचे ते तिला माहीत नव्हते.

विनयला मी सगळे सांगितले. तो म्हणाला, "जाऊ द्या ना. तनिषाने स्कूलमध्ये सरदाराच्या स्टोरीवर टॉक दिलाय." म्हणून या नवमीला मीच नातीला समोर बसवून खरे सांगितले. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "आजोबा, त्या भावाचा नाव काय होता?" मगर एकोणीस इंचांची आहे, हे मला एकोणचाळीस वर्षे पाठ आहे. नाव मी विचारलेच नाही.

५. तलवार विकू नये, मगरीचे कातडे असल्याने ते कायद्यातही बसत नाही. परत पाठवायला तिथे आता लढाई चालू आहे. म्हणून माझा देह क्रिमेटोरियमला नेण्याआधी तिला मागच्या बागेत माती द्यावी. आधी त्या भावाचे, मग माझे. वर पाटी लावावी, 'इद्रिसचा भाऊ', आणि नावापुरती जागा मोकळी सोडावी. जमलेल्यांना खरी हकीकत विनयने स्वतःच्या तोंडाने सांगावी. सॉलिसिटर म्हणतात, अशी अट कायद्याने लादता येत नाही. तर मग ही अट नाही. विनय, मी तुझ्याकडे मागतो आहे.

पुढल्या खंडेनवमीला पूजेत मुरलीधरकडून एक पाना मागून ठेवावा. तो देईल.

माती दिल्यावर सर्वांनी आंघोळ करावी. मयताला जाऊन आलेला माणूस आंघोळीशिवाय घरात येत नाही. मी आलो, आणि तसाच राहिलो.

सही: कमलाकर रघुनाथ सबनीस

आम्ही दोघे शेजारी एकाच वेळी हजर होतो. काकांनी आमच्या डोळ्यांदेखत सही केली, तलवारीच्या भिंतीकडे तोंड करून.
साक्षीदार: १. अवधूत केळकर २. स्वराली केळकर

कॉव्हेंट्री, ४ ऑक्टोबर २०२५