छोटं पातेलं

प्रिय धाकटे,

माझं अक्षर ओळखूनही पाकीट उघडलंस, एवढंच पुष्कळ झालं. चार वर्षांत तू या घरी आली नाहीस आणि मीही कधी 'ये' म्हणाले नाही.

परवा भोगी झाली. सकाळपासून ओट्यावर ढीग: वांगी, गाजरं, घेवडा, पावटे, सोलाणे. सासूबाईंचे हात आता थरथरतात, म्हणून त्या दारात खुर्ची टाकून नुसते हुकूम सोडतात. देठ काढू नकोस, तीळ करपवू नकोस. यंदा तुझी पुतणी आपणहून मदतीला आली. दहा वर्षांची झाली. तोंडाचा पट्टा तसाच चालू असतो. काकूवर गेलीय, असं पूर्वी सगळे म्हणायचे. आता तुझं नावच कोणी काढत नाही.

चार वर्षांपूर्वीच्या भोगीचा तो दिवस तुला सांगायला नको. पोरीला शेंगदाणा चालत नाही म्हणून तिची भाजी तू छोट्या पातेल्यात वेगळी केली होतीस, विळीसुद्धा दोनदा धुतलीस. तरी दोन घासांतच तिचे ओठ सुजले, श्वास घरघरायला लागला. तुझ्या नवऱ्यानं तिला उचलून गाडीत घातलं. दवाखान्यात तिच्या नाकावर मास्क होता आणि बाहेर सासूबाई तुला वाट्टेल ते बोलत होत्या. तू एकदाच म्हणालीस, "ताई, मी त्यात कूट घातलं नव्हतं." माझ्याकडे बघून म्हणालीस. मी तोंड फिरवलं. दोन महिन्यांत तुम्ही वेगळं बिऱ्हाड केलंत.

परवा पोरीनं आपलं पातेलं आपणच घासलं, झाकण तीनदा उघडून वास घेतला. मी ढवळायला गेले तर तिनं हात आडवा घातला. अगं, आई आहे मी तुझी, असं हसत म्हटलं. ती हसली नाही. "काकूपण माझीच होती ना?" म्हणाली. मी डाव ओट्यावर ठेवला.

धाकटे, त्या दिवशी पाहुणे दारात आले होते, तू बाहेर ताटं पुसत होतीस. मोठ्या पातेल्यातला कुटानं माखलेला डाव मी घाईत तसाच छोट्या पातेल्यात फिरवला. नखाएवढा दाणासुद्धा पुरतो, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हाच मला आठवलं. पोर घरी येऊ दे, मग सांगू, असं वाटलं. ती आली, तू गेलीस आणि माझं गप्प बसणं अंगवळणी पडलं. परवा मी गॅस बंद केला आणि सासूबाईंना, ह्यांना समोर बसवून पोरीला सगळं सांगितलं. ती माझ्याशी अजून बोलत नाही. सासूबाई म्हणाल्या, "मला तिच्या दारात घेऊन चल." मी म्हटलं, आधी तिला विचारू द्या. तेच विचारायला हे पत्र. तू हो म्हणालीस तर रविवारी त्या आणि पोर ह्यांच्याबरोबर येतील. मी गाडीत नसेन. माझं काय करायचं ते तू ठरव, कितीही वर्षं लाव.

म्हणू दिलंस तर तुझीच,
थोरली