ती वायर गाडीची नव्हती

अण्णा, तेलगावच्या रस्त्यावरचं आपलं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आता मी चालवते. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. पहिली दोन वर्षं शटर बंदच होतं, मग हळूहळू मीच बसायला लागले. सुरुवातीला लोक बाहेरूनच विचारायचे, मिस्त्री कुठं गेले. आता कुणी विचारत नाही. उसाचा हंगाम असला की ट्रॉल्यांचे मागचे लाइट जोडता जोडता जेवायची सवड होत नाही. हे सगळं ऐकून तुम्हाला बरं वाटलं असतं. पण आज लिहायला बसले ते एका वेगळ्याच कामाबद्दल. ते मी केलं, आणि करताना तुमची आठवण आली ती काही बऱ्या कारणानं नाही.

संक्रांतीनंतर एक बागायतदार मोटारसायकल घेऊन आला. उंच माणूस, पांढरे कपडे, हातात मोठा मोबाइल. गाडीला जीपीएस बसवायचंय म्हणाला, चोऱ्या लई वाढल्यात. मी गाडीकडं बघितलं आणि मला ते खरं वाटलं नाही. आरसे इतके खाली वळवले होते की त्याला त्यात स्वतःचं पोटच दिसलं असतं. मागच्या चाकाच्या आसात ओढणीचा हिरवा दोरा गुंडाळला होता. मडगार्डच्या आत राखेचा थर होता, म्हणजे गाडी रोज परळीकडं जात होती; तिथल्या थर्मल वीजकेंद्राची राख एकदा बसली की धुऊनही निघत नाही. ही गाडी एखादी मुलगी चालवते हे मला त्यानं न सांगता कळलं. गाडी वाचायला तुम्हीच शिकवलं होतं.

कोणतं यंत्र घ्यावं हे त्यानं मला विचारलं. हँडलवर बसवायचं, रस्ता दाखवणारं, त्याला नको होतं. चुंबकानं चिकटणारं एक येतं, पण ते चार दिवसांनी काढून चार्ज करावं लागतं, आणि काढायला गेलं की कुणाच्या तरी नजरेत येतं. राहिलं वायरचं. त्यात सिम असतं, बॅटरीवर चालतं, आणि गाडी कुठं आहे ते मोबाइलवर दिसतं. त्याला तेच हवं होतं. चावी बंद केली तरी चालू राहायला हवं, दिवा लुकलुकायला नको, वायर दिसायला नको. मी विचारलं, चालवणाऱ्याला माहीत हाय का? तो म्हणाला, "कावून? सांगायची काय गरज हाय?"

मी बसवलं, अण्णा. मी नाही बसवलं तर दुसरा कुणी बसवेल आणि वायरिंग जाळून ठेवेल, असं मी स्वतःला सांगितलं. या कारणावर माझा तेव्हाही विश्वास नव्हता. टाकीखाली लोखंडात सिग्नल मिळत नाही, इंजिनजवळ उष्णतेनं यंत्र मरतं, म्हणून शीटच्या मागं, शेपटीच्या प्लॅस्टिकखाली जागा काढली. यंत्राचं तोंड आभाळाकडं केलं, खाली फोम घातला, प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी आवळलं. लाल वायर फ्यूज घालून थेट बॅटरीला, काळी बॉडीला, तिसरी चावीच्या वायरला. जोड टेपनं गुंडाळले आणि मूळ वायरिंगच्या काळ्या नळीतून नेले. इतकं स्वच्छ काम मी वर्षभरात केलं नव्हतं. तो समोर उभा राहून मोबाइलवर आपल्या दुकानावरचा ठिपका बघत होता.

नळीवर टेप गुंडाळताना तुमचा हात आठवला. मला माजलगावच्या कॉलेजसाठी तुम्ही जुनी मोपेड घेऊन दिली होती. मी आले की तुम्ही फडकं घेऊन गाडी पुसायला बसायचात. आई चुलीपुढून म्हणायची, लेकीच्या गाडीचं किती कौतुक. मलाही तसंच वाटायचं. मग एकदा दुकानात फ्यूज शोधताना कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलेले आकडे दिसले. रोजचा एक. मोपेडच्या मीटरचे. त्यानंतर एका दिवशी मीटर अकरा किलोमीटर जास्त फिरलं. मैत्रिणीची एसटी चुकली होती, तिला तिच्या गावी सोडून आले होते. तुम्ही काहीच विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी म्हणालात, प्लग गेलाय, गाडी दोन दिवस राहू दे. मी तुमच्या माघारी प्लग काढून बघितला. प्लग चांगला होता. माझ्यावर नजर ठेवली याचं दुःख त्या मानानं कमी होतं. कामाच्या गोष्टीत तुम्ही मला खोटं सांगितलं, ते मला लागलं. त्यानंतर तुम्ही काहीही सांगितलं की मी एकदा तपासून बघू लागले.

आठ-दहा दिवसांनी तीच गाडी ढकलत एक मुलगी आली. पंचविशीची असेल, परळीच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते म्हणाली. दोन दिवस सुट्टी होती, गाडी उभी राहिली आणि आता सेल्फ घेत नाही. मला आधी वाटलं, तो बागायतदार हिचा बाप, त्यानंच पाठवलंय, मी तोंड उघडते का ते बघायला. मग वाटलं, हिला सगळं माहीत आहे आणि ही मला जोखतेय. मी शीट काढलं. बॅटरी जुनी होती, यंत्र उभ्या गाडीतूनही थोडा थोडा करंट ओढत होतं. मुलगी शेजारी उकिडवी बसली आणि तिनं बरोबर तिथंच बोट ठेवलं.

"मावशी, ही लाल वायर कुठं जाती?"

मला खोटं सांगता आलं असतं. हॉर्नची म्हटलं असतं तरी तिनं मान डोलावली असती. मी म्हणाले, "ती गाडीची न्हाई."

तिनं बोटानं त्या वायरचा माग शेपटीपर्यंत काढला. मी हातातला पाना पुसत बसले. शेवटी तिनं विचारलं, काढली तर वडिलांना कळतं का. मी म्हणाले, कळतं, लगेच मेसेज जातो. मग ती म्हणाली, राहू द्या. फक्त बॅटरी उतरणार नाही असं करा. मी नवी बॅटरी घातली. जाताना तिनं दोन्ही आरसे जागेवर आहेत का ते बघितलं, जसं रोज बघत असेल तसं.

महिन्याभरानं तो बागायतदार आला, या वेळी जीप घेऊन. तुमचं मशीन बंद पडलंय म्हणाला. गाडी दोन दिवस परळीच्या रेल्वे स्टेशनाबाहेर गाड्या ठेवायच्या स्टँडवर दिसतेय, हलतच नाही, आणि पोरीचा फोन बंद आहे. मी त्याच्या मोबाइलमध्ये बघितलं. बॅटरी पूर्ण होती, सिग्नल पूर्ण होता. मशीन बरोबर हाय, असं मी सांगितलं. त्यानं मला सोबत चलायला सांगितलं. चावी नव्हती, गाडी उघडावी लागणार होती. सिरसाळ्यापर्यंत तो जीप दामटत राहिला. मग एकदाच विचारलं, तिनं तुम्हाला काही सांगितलं का. मी नाही म्हणाले. ते खरंच होतं, पण त्याला ते खरं वाटलं नाही.

गाडी स्टँडच्या कोपऱ्यात होती, शीटवर राखेचा पातळ थर. गाडी उघडावी लागली नाही. स्टँडवाल्यानं चावी काढून दिली. मुलीनं त्याला सांगितलं होतं, वडील येतील, त्यांना द्या. ते येणार हे तिला ठाऊक होतं. त्यानं विचारलं, संगं कोण होतं. स्टँडवाला म्हणाला, कुणीच न्हवतं, एक बॅग होती. त्यानं पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा स्टँडवाला वैतागला. अण्णा, कुणी पोरगा होता असं कळलं असतं तर त्या माणसाला काय करायचं ते माहीत होतं. कुणी नव्हतं म्हटल्यावर तो गाडीला टेकला आणि चावी या हातातून त्या हातात करत राहिला.

"गाडी तर हितंच हाय," तो म्हणाला. "पोरगी न्हाई."

त्याच्याकडं बघताना मला पहिल्यांदा तुमची बाजू दिसली. कपाटाच्या दाराशी वाकून पेन्सिल धरलेला माणूस किती घाबरलेला असेल ते कळलं. ते कळायला नको होतं. माझा राग मी इतकी वर्षं नीट सांभाळला होता.

चौथ्या दिवशी मुलीनं आईला फोन केला. छत्रपती संभाजीनगरच्या एका दवाखान्यात नोकरी लागली, हॉस्टेलात राहतेय. तिकडं नोकरीला जायचंय हे दिवाळीतच तिनं घरात सांगितलं होतं, वडिलांनी उत्तर दिलं नव्हतं. हे मला तिच्या आईकडून समजलं. ती मोटारसायकल विकायची होती म्हणून आई दुकानावर आली होती. तो माणूस आता लेकीशी बोलतो की नाही, हे तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. स्टँडवर त्यानं मला यंत्र तिथल्या तिथं काढायला लावलं होतं आणि माझ्या हातात कोंबलं होतं, ठेवा तुमच्याकडंच म्हणून.

तर ते माझ्याकडं आहे. हे पत्र कुठं टाकायचं नाही, त्यामुळं उरलेलंही लिहून टाकते. माझी लेक, तुमची नात, बारावी झाली. जूनपासून ती अंबाजोगाईला जाईल, तिची गाडी घेऊन. पोरगी सरळ आहे, विचारलं तर सगळं सांगते. तरी परवा ती आंघोळीला गेल्यावर मी तिच्या गाडीचं शीट उघडून बघितलं. नुसतं बघितलं. मागं जागा चांगली आहे, वर प्लॅस्टिक आहे, इंजिनही लांब आहे.