हिरव्या लुगड्यातली

चिंचवड गाव
२२ मार्च १९८१

प्रिय शालन,

तुझं कार्ड मिळालं. तीनच ओळी होत्या, पण त्या पाकिटात घालून पाठवल्या असत्यास तर फार बरं झालं असतं. पोस्टमनने आधी स्वतः वाचल्या, मग खाली घरमालकीण मंजुळाबाईंना वाचून दाखवल्या, आणि मी कंपनीतून येईपर्यंत सगळ्या आळीला त्या तोंडपाठ झाल्या होत्या. ‘हिरव्या लुगड्यातली ती कोण, हे कळवावे. तोवर मी ओतूर सोडणार नाही. सयाजीच्या लग्नाला परस्पर मांडवात येईन.’ तेवीस वर्षांच्या संसारात तू मला इतक्या शुद्ध भाषेत कधी लिहिलं नव्हतंस. राग किती आहे ते त्यावरूनच कळलं. म्हणून हे उत्तर बंद पाकिटातून धाडतो आहे. दौलतरावांसमोर फोडू नकोस. तुझे दादा असले तरी या गोष्टीत त्यांचाही भाग आहे आणि तो काही फार चांगला नाही.

मंजुळाबाईंनी तुला निरोप कसा पोचवला तेही कळलं. त्यांचा भाचा जुन्नरच्या गाडीवर कंडक्टर आहे. त्याच्या तोंडी त्यांनी सांगून धाडलं म्हणे, “तुजा मालक रोज सकाळच्या पारी एका बाईला दोनी हातावर घेऊन जिना चढतोय. हिरवं लुगडं, पिवळं काठ. लई लाजरी हाय, कंदी तोंड दावत न्हाई.” बाईंच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, पण दुसरा डोळा दोघांचं काम करतो. त्यांचं म्हणणं खोटं नाही, हे मी आधीच कबूल करतो. रोज सकाळी जिन्यावर उचलून नेतो हे खरं. लुगडं हिरवं हेही खरं, आणि पिवळे काठ ऐकून तुला जो संशय आला तोही खरा. लुगडं तुझंच आहे, तुझ्या ट्रंकेतलं, अगदी तळाचं. आता पत्र चुलीत घालू नकोस, पुढे वाच.

सुरुवात तू इलाजासाठी माहेरी गेल्यावर धाडलेल्या पहिल्या पत्रापासून झाली. वैद्यबुवांच्या तेलाने गुडघ्यांना थोडा आराम आहे, पण निमगावच्या खंडोबाचा डोंगर काही जमणार नाही, असं तू लिहिलं होतंस. लग्नानंतर सयाजी रिवाजाप्रमाणे नवरीला उचलून पहिल्या पाच पायऱ्या चढेल, सगळे वर दर्शनाला जातील आणि तू खाली बसून चपला राखशील. ते वाचलं, कागद घडी करून खिशात ठेवला आणि जेवायला बसलो. भाकरी गोड लागेना. एकुलत्या एका लेकाची नवरी देवाच्या पायरीवर चढणार आणि आई खाली चपला राखत बसणार, हे मला पटलं नाही. दुसऱ्या दिवशी दाढी करताना आरशात माझे दंड दिसले. या कंपनीत टर्नर म्हणून लागलो तेव्हा आख्खी शिफ्ट लोखंडाशी झटत होतो. सुपरवायझर झाल्यापासून मात्र हेल्परला ‘उचल रे’ म्हणण्यापलीकडे मी काही उचललेलं नाही. बनियनमधून दंड असे लोंबत होते, जणू शेजाऱ्याकडून उसने आणलेत.

या वयात तालमीत जाऊन लंगोट लावला असता तर कंपनीतली पोरं वर्षभर हसली असती. म्हणून शेजारी शौकतभाईंकडे गेलो. आज त्यांच्या गॅरेजात ट्रकच्या चाकापेक्षा त्यांचं पोट आधी दिसतं, पण तरुणपणी चाकणच्या आखाड्यात त्यांनी भलेभले लोळवले आहेत. मी त्यांना थाप मारली की सयाजीला नवरी उचलायची आहे, त्याला तयार करा. तुझ्या मते तो अशक्तच आहे, तू आई आहेस, तेव्हा थाप खपेल असं वाटलं. शौकतभाईंनी त्याला लग्नासाठी आणून ठेवलेल्या गव्हाचं पोतं उचलायला सांगितलं. त्याने ते बगलेत मारलं, कुठे ठेवू म्हणून विचारलं, ठेवलं आणि पहिल्या शिफ्टला निघून गेला. शौकतभाईंनी माझा दंड चाचपून पाहिला. मग म्हणाले, “दत्तूभाई, पोरगा तर तयार हाय. आता खरं सांगा, नवरदेव कोण?”

तेव्हापासून आमची तालीम सुरू झाली, आपल्याच घरात. शौकतभाईंचं म्हणणं, शरीर कमवायला यंत्रंबिंत्रं काही लागत नाहीत, घरात सगळं असतं. पहिल्या दिवशी त्यांनी मला जमिनीवर जोर काढायला लावले. मी खाली गेलो तो गेलोच. मग त्यांनी मला भिंतीपुढे उभं केलं आणि भिंतच ढकलायला सांगितली. आठवडाभर मी भिंत ढकलत होतो. तू चुनकाम झालं का विचारलं होतंस, तर झालं, पण ओल्या चुन्यावर माझे दोन पंजे उमटले आहेत. लग्नघराला शोभतात, राहू देत. भिंतीनंतर खाटेच्या कडेवर हात टेकून जोर, आणि आता दोन विटांवर. शौकतभाई शेजारी बसून कांदाभजी खात मोजतात आणि भजं तोंडात असलं की आकडा पुढे जात नाही.

डालड्याच्या दोन डब्यांत वाळू भरून त्यांनी त्यांना पाइपाच्या मुठी बसवून दिल्या आहेत. ते दंडासाठी. लोंबकळायला म्हणून गोधड्या वाळवायच्या बांबूला धरलं, तर बांबू, गोधड्या आणि मी असे तिघे एकदम खाली आलो. ‘भूकंप झाला’ म्हणत मंजुळाबाई अंगणात धावल्या. पाटा उचलताना वरवंटा अंगठ्यावर पडला. चटणी आता एका बाजूने जाडीभरडी होते, कारण वरवंट्याचा टवका गेला आहे. अंगठ्याचं तू विचारणार नाहीस, म्हणून मीच सांगतो, बरा आहे.

अंग मात्र असं दुखायचं की काय सांगू. एकदा मोठे साहेब शॉपमध्ये आले. सगळ्यांनी हात जोडले, माझे हात छातीपर्यंत जाईनात. साहेबांना वाटलं, दत्तोबा युनियनला मिळाला. दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये बोलावून त्यांनी माझी गोडीगुलाबीने विचारपूस केली, चहा मागवला. मला कपही उचलवेना. मी ‘चहा सोडलाय’ म्हणालो. साहेब आणखीच घाबरले आणि गेल्या आठवड्यात आमच्या शॉपला चार नवे पंखे लागले. पोरं मला पुढारी म्हणायला लागली आहेत.

आता त्या बाईचं सांगतो. डबे उचलून दंड भरतात, पण शौकतभाई म्हणाले, “माणूस उचलणं वेगळं. त्याला मूठ नसते.” म्हणून मग त्यांनी पोत्यात थोडे गहू भरून ते दोन्ही हातांवर आडवं घेऊन जिना चढायला लावलं. दर दोन-तीन दिवसांनी त्यात आणखी चार-सहा शेर गहू ओतायचे. तरट हाताला टोचायचं, वर निसटायचं. कापड गुंडाळा म्हणाले. घाईघाईत ट्रंक उपसली आणि तळाशी हाताला तुझं हिरवं लुगडं लागलं. दुसरंही घेता आलं असतं. नाही घेतलं. तेव्हा शालन, हिरव्या लुगड्यातली ती बाई म्हणजे आपल्या घरचे गहू आहेत. तोंड दाखवत नाही कारण ते सुतळीने शिवलं आहे. मंजुळाबाईंना काल पोत्याला हात लावून बघायला लावलं. त्या म्हणाल्या, “आता कळलं, पर आळीला कोण सांगनार?” लुगड्याच्या काठाला शौकतभाईंच्या हाताचं थोडं ग्रीस लागलं आहे. त्यांच्या घरच्या झुलेखाभाभींनी रिठ्याने धुऊन काढते म्हणून सांगितलंय.

ते लुगडं कुठलं, ते तुला सांगायला नको. आपल्या लग्नानंतर निमगावला तू तेच नेसली होतीस. मी मलेरियातून नुकताच उठलो होतो, हळदीपेक्षा जास्त पिवळा. तुला उचललं, पहिली पायरी चढलो, दुसरीवर गुडघे कापायला लागले. वऱ्हाड बघत होतं, हलगी वाजत होती, आणि तुझे दादा सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले, “पावणं, झेपत न्हाई तर ठेवा खाली, हमाल बोलावतो.” हलगीवालासुद्धा हसला. तेवढ्यात तू माझ्या कानाशी पुटपुटलीस, खाली सोडा, आणि मोठ्याने म्हणालीस की मला घेरी येतेय. पायावर उभी राहिलीस, माझा हात घट्ट धरलास आणि उरलेल्या पायऱ्या माझ्याबरोबर चढलीस. तुझ्या आईने तुझ्यावरून लिंबू उतरून टाकलं. पुढे कित्येक वर्षं तुझ्या माहेरी ‘शालनला घेरी येते’ म्हणून तुला उपास धरू देत नव्हते. तू एकदाही खरं सांगितलं नाहीस. त्यांनाही नाही आणि भांडणातसुद्धा मला नाही. मला ते रोज आठवायचं असं नाही, पण तुझं चपलांचं वाक्य वाचलं आणि सगळं जसंच्या तसं समोर आलं. त्या दिवशी तू माझी लाज राखलीस, आता माझ्या चपला राखणार होतीस.

तर हे गुपित मला पायरीपर्यंत न्यायचं होतं, पण मंजुळाबाईंच्या चांगल्या डोळ्यापुढे इलाज चालला नाही. तू परत यावीस म्हणून सगळं लिहून टाकलं. राग गेला असेल तर आता एक काम कर. दौलतरावांच्या वखारीत कांद्याचा मोठा काटा आहे. कोणी नसताना त्यावर उभी राहा आणि आकडा खरा खरा कळव. वहिनींच्या हातचं तूप आणि दोन महिन्यांची विश्रांती धरून कळव, माझी तक्रार नाही. पोत्यात भरायला अजून गहू आहेत आणि लग्नाला महिना आहे. सयाजी सूनबाईला घेऊन पाच पायऱ्या चढला की त्याच्या मागून मी तुला घेऊन चढणार आहे. नको म्हणू नकोस, आणि या खेपेला घेरी आली म्हणूनही सांगू नकोस. मला धाप लागली तर लागू दे, मी थांबेन, पण खाली ठेवणार नाही. पाच झाल्या की पुढचा डोंगर आपण दोघं बसत-उठत चढू. संध्याकाळ झाली तरी देव कुठे जात नाही. चपलांची काळजी सोड. त्या राखायला खाली दौलतराव बसतील.

तुझाच,
दत्तोबा