तिने मारलेली गाठ

लिंबायत, श्रावणी सोमवार, १९९६

संध्याकाळी केबलवर इंग्रजी सिनेमा पाहिला. भाषा कळली नाही. नायिका गिरणीत मागावर काम करणारी. धागा तुटला, तर तिने न बघता दोन बोटांत गाठ मारली. तशी गाठ माझ्या हाताला बसायला वर्ष लागलं होतं.

“आप्पा, ती कामगार नाही, नटी आहे,” माझी मुलगी मीना म्हणाली. तिने पेपरात वाचलंय: विलायतेची, वय अवघं वीस, शाळा सोडून नाटकात गेली. या कामासाठी तीन महिने जुन्या गिरणीत राबली.

“दिवसभर माग, आता टीव्हीतही मागच बघा!” मीनाची आई हसली.

पण ती गाठ डोळ्यांपुढून हलत नाही. एवढ्याशा क्षणासाठी तीन महिने? ही तर उपासनाच. आणि मी कालच मीनाला गणपतीतल्या नाटकात काम करू नको म्हटलं. नाटक म्हणजे खोटेपणा, म्हणालो. काय ठाऊक होतं मला?

उपास सोडायला बसलो तेव्हा विचारलं, “तुला काम कुणाचं दिलं होतं?”

“आंधळ्या म्हातारीचं.”

“मग आतापासून डोळे बांधून वावर.”

मग ओढणीने डोळे बांधून तिनेच मला वाढलं. निम्मा भात मांडीवर पडला. उरलेला देवाचं नाव घेऊन जेवलो.